गच्चीवरचा परदेश

कुणाच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली किंवा कुणाची मुलगी बंगलोरला निघाली, की धारमधली मराठी घरं पेढे घेऊन एकमेकांकडे जात. आक्कासाहेबांकडे पेढे न्यायचे म्हणजे मात्र लोक जरा तयारीनं जात. त्या पेढा हातात घ्यायच्या आणि तोंडात टाकायच्या आधी विचारायच्या, "तिथे भाडं किती?"

पगार त्यांनी कुणाला कधी विचारला नाही. पगार लोक आपणहून सांगतात आणि वाढवून सांगतात, असं त्यांचं मत होतं. भाड्याबद्दल खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही. समोरचा माणूस भाडं सांगायचा, त्या डोळे बारीक करून मनात काहीतरी वजाबाकी करायच्या आणि मग पेढा खायच्या. कधी कधी पेढा तसाच हातात राहायचा. तेव्हा पेढे आणणाऱ्याच्या घरी रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालू असणार हे ठरलेलं.

नात्यानं त्या माझ्या आईच्या मामेबहिणीच्या नणंद. हे नातं सांगून होईपर्यंत त्या चहा करून आणत. चहा नेहमी अर्धा कप. तो संपला की विचारत, "आणखी अर्धा?" आणि पुन्हा ताजा, उकळता आणत. पूर्ण कप दिला की माणूस खालचा अर्धा थंड पितो आणि यजमानाला नावं ठेवतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या धारच्या मुलींच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. त्यांचे आजोबा धारच्या दरबारात कारकून होते, आणि त्या काळातली मराठी आक्कासाहेबांनी जपून ठेवली होती. त्या चपलेला पायताण म्हणत, नाश्त्याला न्याहारी म्हणत, आणि दारात पोस्टमन आला तरी "आपण बसावं" म्हणत. पुढच्याच मिनिटाला भाजीवाल्याशी अस्सल माळवीत हुज्जत घालत. स्कूटर चालवत, तीही रस्त्याच्या मधोमध, हॉर्न न वाजवता. हॉर्न वाजवणं म्हणजे परक्या माणसावर ओरडणं, म्हणून त्या वाजवत नसत. मागून हॉर्न वाजले की हात हलवून "हो, हो, कळलं" म्हणत. सिनेमाला एकट्या जात आणि मध्यांतरात उठून येत. पुढचं आपल्याला कळलं, असं सांगत.

पण त्यांचा खरा छंद होता तालमीचा. कुठलीही गोष्ट करायच्या आधी ती थोडी जगून बघायची. रिटायर व्हायच्या आधीचं पूर्ण वर्ष त्यांनी पेन्शन जेवढी मिळणार होती तेवढ्याच पैशांत काढलं. उरलेला पगार साठला, त्यातून गच्चीवर एक खोली बांधली. त्यांच्या एका भाच्याला डेअरी काढायची होती. त्याला त्यांनी हिवाळाभर पहाटे शेजारच्या मांगीबाईच्या गोठ्यात शेण काढायला उभा केला. तो आता मोबाइल विकतो, आणि मला म्हणतो, "भिया, आक्कासाहेबांनी माझे दहा लाख वाचवले." मी मुलगी असून तो मला भियाच, म्हणजे भाऊच, म्हणतो. देवासकडे, इंदूरकडे चालतं हे.

मी देवासची. पाण्याच्या टँकरमागे बादली घेऊन धावत मोठी झालेली. त्यामुळे असेल, इंजिनिअरिंगनंतर मला पाण्याच्याच विषयात पुढे शिकायचं होतं. बाबा एका कारखान्यात सुपरवायझर, आई शाळेत शिकवायची. मी बाहेरच्या युनिव्हर्सिट्यांना अर्ज केले आणि दोन ठिकाणांहून होकार आला. एक लंडनचा. त्या युनिव्हर्सिटीचं नाव आमच्या कॉलनीतल्या किराणावाल्यालाही माहीत होतं. तिनं अर्धी फी माफ केली होती. दुसरा जर्मनीतल्या एका छोट्या गावातला. ते गाव नकाशावर शोधायला बाबांना चष्मा बदलावा लागला. तिथे फी जवळजवळ नव्हतीच, आणि महिन्याला थोडी शिष्यवृत्ती होती.

इंदूरच्या सल्लागाराकडे आम्ही गेलो, तर त्यानं दोन्ही शिष्यवृत्त्या रुपयांत करून दाखवल्या. लंडनची कितीतरी मोठी दिसत होती. "सर, इतनी स्कॉलरशिप कोई छोड़ता है क्या?" तो म्हणाला. बाबांची मान ताठ झाली. परतीच्या बसमध्येच त्यांनी ठरवलं, घर गहाण ठेवायचं. देवासचं आमचं घर बाबांनी ओव्हरटाइम करकरून बांधलेलं, दोन खोल्या खाली, दोन वर. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आई म्हणाली, "तू एकदा धारला जाऊन ये ना. आक्कासाहेबांशी बात कर."

मी पेढे घेऊन गेले. डिसेंबर होता. त्यांनी पेढा हातात घेतला, दोन्ही गावांचं भाडं विचारलं आणि पेढा परत डब्यात ठेवला.

"लंडनवाल्यांनी तुला दिलं काय?"

"अर्धी फी, आक्कासाहेब. पंधरा लाखांच्या वर."

"दिलं म्हणू नकोस, सोडलं म्हण. साडीवर निम्मी सूट मिळाली म्हणून दुकानदारानं तुला साडी दिली, असं होतं का? उरलेली निम्मी तूच देणार. आणि ती साडी नेसून राहायचं कुठे, त्याचे पैसे वेगळे." मग म्हणाल्या, "पण मला काय कळतंय? मी तर नाशिकच्या पलीकडे गेलेली नाही. तू राहून बघ."

"लंडनला?"

"गच्चीवर."

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी माझ्याकडून लंडनमध्ये शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाला मेसेज करवला. बटाटे, तांदूळ, तेल, दूध, बसचं तिकीट, सगळ्याचे भाव मागवले. जर्मनीतल्या त्या गावात नागपूरची एक मुलगी शिकत होती, तिच्याकडूनही मागवले. कर्जातून फी आणि भाडं वजा जाऊन लंडनला माझ्या हाती आठवड्याला जे उरलं असतं, ते रुपयांत करून त्यांनी मला एका डब्यात घालून दिलं. म्हणाल्या, "पैसे लंडनचे, भावही लंडनचे. सामान माझ्याकडूनच घ्यायचं. बाजारात गेलीस तर तालीम संपली."

आणि त्या खरंच स्वयंपाकघरात पाट टाकून, तराजू घेऊन दुकान मांडून बसल्या. मी पिशवी घेऊन खाली जायची.

"बटाटे किती घेऊ?"

"तीन घे. चौथा तुला परवडणार नाही."

"आणि दूध?"

"चहा काळा पी. तिथे पुष्कळ लोक पितात."

मी लायब्ररीत जायला निघाले की त्या दारात हात पसरून उभ्या राहत. "तिकीट." एकदा तिकिटाचे पैसे दिले, पुन्हा नाही. मग मी लायब्ररीच सोडली आणि गच्चीवर शाल पांघरून वाचत बसू लागले. डबा आठवडा संपायच्या आधीच रिकामा झाला. "आता काय करणार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिथे मुलं दुकानांत काम करतात. त्या लगेच स्कूटर काढून मला एका नमकीनवाल्याकडे घेऊन गेल्या आणि परदेशी विद्यार्थ्याला जेवढे तास काम करू देतात तेवढ्या तासांचं काम ठरवून आल्या. संध्याकाळी उभं राहून शेवेची पाकिटं भरायची. घरी येऊन अभ्यास. तेलाचा वास केसांतून जात नसे आणि पुस्तकातली ओळ डोक्यात शिरत नसे.

मला राग यायचा. खाली त्या गराडू, म्हणजे आमच्या माळव्यातला कंद, तळून खात असायच्या, वरून लिंबू पिळून, मसाला टाकून. वास गच्चीपर्यंत यायचा. लंडनला गराडू मिळत नाही, म्हणून मला नाही.

मग मला ताप आला. धारची हिवाळ्यातली थंडी, उघडी गच्ची आणि अर्धवट जेवण. सकाळी उठवेना. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिले. खालून कुणी आलं नाही. नियमच तसा होता, वरच्या खोलीत कुणी यायचं नाही, लंडनला कोण येतं? मला ऐकू येत होतं, आक्कासाहेब जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत येत होत्या आणि परत जात होत्या. पुन्हा येत, पुन्हा परत जात. एवढं त्यांचं पायताण वाजत होतं, पण वर येत नव्हत्या. मी उशीत तोंड खुपसून रडले. आईची आठवण आली, आणि खोटं कशाला सांगू, बाबांचीही. बाबा तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायचे.

शेवटी शेजारच्या मांगीबाईनं आपल्या गच्चीच्या कठड्यावरून, खिडकीतून मला पाहिलं. ती तशीच आली, हातात काढ्याचा लोटा, आणि अंगणातूनच ओरडत आली, "बई, छोरी ताप में पड़ी है, ने तम आलू तोली रया हो? बळी जाय तमारो लंदन!"

ती धडधड जिना चढली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि काढा पाजला. तिच्या मागून आक्कासाहेब आल्या. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला, तो कितीतरी वेळ काढला नाही. मी त्यांना कधी ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी बटाट्याचे भाव मांडले. माणसं मांडायची राहिली."

त्या दिवशी गराडू वर आला. तापात खाऊ नये म्हणतात, मी पोटभर खाल्ला.

बरी झाल्यावर त्यांनी मला दोन्ही गावांतल्या मुलांना आणखी एकच प्रश्न विचारायला लावला. तुम्हाला तिथे पहिल्यांदा ताप आला, तेव्हा कोण आलं?

लंडनच्या मुलानं उशिरा उत्तर दिलं, पण प्रामाणिक दिलं. कुणी नाही. चौघे एका फ्लॅटमध्ये राहतात, चौघांच्या कामाच्या वेळा वेगळ्या. शिफ्ट चुकवली तर भाडं अडकलं असतं, म्हणून ताप घेऊनच कामाला गेला. पुढे त्यानं लिहिलं होतं, "पण शहर एक नंबर आहे, दीदी. पैसे असतील तर डोळे झाकून या."

नागपूरच्या मुलीनं व्हॉइस मेसेज पाठवला. तिच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारी राहते. तिनं खोकला ऐकला आणि दाराबाहेर सूपचं पातेलं ठेवून गेली. सोबत चिठ्ठी होती, ती हिला वाचता येईना. मोबाइलवर भाषांतर करून पाहिली, तर लिहिलं होतं, पातेलं धुऊन परत करायचं. हे सांगताना ती मुलगी हसत होती. "पर भाषेनं जीव काढला हं," तिनं शेवटी सांगितलं. "पहिले काही महिने मी मुकीच होते."

हे ऐकल्यावर आक्कासाहेबांनी जर्मनीची तालीम काढली. डब्यात आता पैसे पुरत होते. बटाटे हवे तेवढे, दूध, लायब्ररीला जायचं तिकीटही. शेवेची पाकिटं भरायची गरज नाही. पण माझ्याशी कुणी मराठीत बोलायचं नाही आणि हिंदीतही नाही. त्यांना स्वतःला जर्मन येत नव्हतं, म्हणून त्या बोलतच नसत. मी काही विचारलं की खांदे उडवत आणि आपल्याशीच काहीतरी पुटपुटत. मीठ हवं असेल तर मला ते हातवारे करून दाखवावं लागे. मांगीबाईला गप्प राहणं जमेना. ती तोंडावर पदर दाबून माझ्यासमोरून पळायची. मी भरपूर जेवत होते, भरपूर वाचत होते, आणि संध्याकाळी गच्चीवर उभी राहून रस्त्यावरच्या माणसांचं बोलणं कान देऊन ऐकत होते. तेही सोपं नव्हतं. पण ते रडत बसण्यासारखं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबा आले. कुणीतरी त्यांना देवासला सांगितलं होतं की तुमची मुलगी धारला नमकीनच्या दुकानात काम करते. ते आले ते बसलेच नाहीत.

"आक्कासाहेब, माझ्या मुलीला लंडनहून बोलावणं आलंय, आणि तुम्ही तिला आलू विकताय?"

"होय. आणि महाग विकतेय," त्या शांतपणे म्हणाल्या. "आपण बसावं."

"मी नाही बसत. सगळ्या देवासला माहीत आहे ते नाव. ते सोडून ही जर्मनीच्या खेडेगावात जाणार? लोक काय म्हणतील, पैसा नव्हता म्हणून गेली?"

"पैसा नव्हता म्हणून गेली, हेच खरं असेल तर?"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी मग बसून घेतलं. बरंच हळू ते म्हणाले, "मला कुणी कुठे पाठवलं नाही, आक्कासाहेब. मी आयटीआय केलं आणि लागलो कामाला. घर माझं आहे. ते तिच्यासाठी गहाण टाकायचा हक्क तरी मला आहे ना?"

बाबांच्या हक्काशी आक्कासाहेबांनी वाद घातला नाही, हे मला आजही आठवतं. त्या उठल्या, चहा टाकला, अर्धा कप बाबांसमोर ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. इतक्या दिवसांनी माझ्याशी मराठीत बोलल्या.

"आता तू सांग. दोन्ही ठिकाणी राहून आलेली तू आहेस. आम्ही दोघं कुठे गेलोय?"

मला वाटलं होतं, त्या माझ्या वतीनं लढतील. त्यांनी लढाई माझ्या हातात दिली. मी बाबांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "बाबा, लंडनला मी तुमचे हप्ते मोजत राहीन. पुस्तक उघडलं की मला घर दिसेल. मला पाणी शिकायचंय. जर्मनीत मी शिकेन."

"आणि नाव?"

"नाव नाही मिळणार."

बाबांनी चहा संपवला. आक्कासाहेबांनी विचारलं, "आणखी अर्धा?" ते हो म्हणाले.

मी बाबांबरोबर देवासला परत निघाले. इंदूरला बस बदलताना त्यांनी पोहे-जिलबी घेतली, एक प्लेट माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "तिकडे पोहे मिळतात का, हे विचार त्या नागपूरवालीला. नाहीतर बांधून द्यावे लागतील."

मी गेले. सगळं छान झालं असं सांगितलं, तर आक्कासाहेब मला सोडायच्या नाहीत. पहिला हिवाळा वाईट गेला. अंधार दुपारीच पडायचा. एका विषयात मी नापास झाले, कारण प्रश्नातला एक शब्द मला उलटा कळला. पण मला काम शोधत फिरावं लागलं नाही. नापास झाल्यावर पुन्हा अभ्यास करायला माझ्याकडे मोकळ्या संध्याकाळी होत्या. दुसऱ्या वर्षी त्याच प्राध्यापकांनी मला प्रयोगशाळेत घेतलं. आज मी तिथल्याच एका शहराच्या पाणीपुरवठ्यात नोकरी करते. देवासला जाते तेव्हा गल्लीतली माणसं युनिव्हर्सिटीचं नाव विचारतात, मी सांगते, ते मान हलवतात आणि दुसरं काहीतरी बोलतात. बाबा आता हसतात.

मधल्या काळात राजगढच्या एका व्यापाऱ्याची मुलगी आक्कासाहेबांच्या गच्चीवर राहून गेली. तिनं सगळी तालीम केली आणि शेवटी लंडनच निवडलं. तिच्या वडिलांना झेपत होतं, आणि तिला त्या शहरातली गर्दीच हवी होती. आक्कासाहेबांनी तिला स्कूटरवर बसवून बसस्टँडपर्यंत सोडलं. लोकांना वाटायचं, त्या कंजूष आहेत, मुलांना स्वस्तातलं शिकवतात. तसं नव्हतं. माणूस जिथे जाईल तिथे त्याला पुरेल की नाही, एवढंच त्यांना बघायचं असे.

मागच्या वर्षी त्या जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी कुणाला काही सांगायच्या आधी बाबा गाडी करून धारला पोचले होते. ऑपरेशन झालं, आणि बाबांनी त्यांना दवाखान्यातून परस्पर देवासला आणलं. त्या म्हणत होत्या, मी परक्याच्या घरी राहणार नाही. बाबा म्हणाले, "राहून तर बघा." मांगीबाईनं धारहून तूप पाठवलं. आई मला फोनवर सांगायची, दोघांचं रोज टीव्हीच्या आवाजावरून भांडण होतं, आणि बाबा रोज त्यांना हात धरून अंगणात चालवतात.

मी सुट्टी घेऊन गेले. उन्हात खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. खूप लहान दिसत होत्या. हात वर जात नव्हता, म्हणून केस तसेच विस्कटलेले. मी येताना मनात पुष्कळ काही जुळवून आले होते. तुमच्यामुळे बाबांचं घर राहिलं, तुमच्यामुळे मी शिकले, असं बरंच. त्यांच्यासमोर बसले आणि त्यातलं एकही वाक्य मराठीत नीट होईना. आमच्या घरांत आभार मानायची रीत नाही. मानले की माणूस परका होतो.

मग मी आतून खोबरेल तेल आणि फणी आणली. त्यांच्या मागे उभी राहिले आणि केस सोडवायला लागले. पांढरे, पातळ, मऊ केस. त्यांनी डोळे मिटले. बाबा आतून बघत होते, त्यांनी टीव्ही बंद केला.

"डावीकडे गुंता आहे," आक्कासाहेब डोळे न उघडता म्हणाल्या. "हळू. मला घाई नाही."